सोडायला येणारे भाई

आमच्या वाडीतून कुणीही परगावी निघालं की त्याला सोडायला भाई मयेकर हजर. बोलावणं लागत नाही. एसटी स्टँड असो नाहीतर नवं रेल्वे स्टेशन, गाडीच्या तासभर आधी भाई तिथे उभे असतात. पांढरा हाफ शर्ट, खाकी पँट, काखेत छत्री. तुम्ही रिक्षातून उतरलात की पहिला प्रश्न, "सामान किती? माणसं किती?" सामान समोर दिसत असतं, माणसंही दिसत असतात. तरी ते बोटाने मोजतात, मोठ्याने मोजतात, आणि आकडा जुळला की म्हणतात, "हां. आता बसा." मग गाडी हलायच्या बेतात आली की पत्र्यावर दोनदा थाप मारून ओरडतात, "जाऊ दे!" कंडक्टरने घंटी दिलेली असते, गार्डने हिरवा झेंडा दाखवलेला असतो, पण आपण थाप मारल्याशिवाय गाडी सुटत नाही अशी भाईंची पक्की समजूत आहे.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड चिपळूणला निघालं तेव्हा त्यांनी बस अर्धा तास अडवून धरली. चव्वेचाळीस माणसं हवी होती आणि त्रेचाळीसच भरत होती. बाकांखाली बघून झालं, एका आत्याबाईंना दोनदा उठवून बसवून झालं. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की चव्वेचाळिसावा मी होतो आणि नवरदेव म्हणून पुढच्या मोटारीत बसलो होतो.

"मग आधी सांगायचं नाय, मेल्या?" भाई मलाच ओरडले.

ही खोड त्यांना लागली बंदरावर. मुंबई-गोव्याच्या बोटी आमच्याकडे थांबायच्या तेव्हा भाई बोटीच्या एजंटाकडे कारकून होते. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यावं लागायचं. म्हाताऱ्यांना हात देऊन, पोरांना उचलून, बायकांच्या ट्रंका वर घेऊन पडाव भरायचा, माणसं मोजायची आणि होडीच्या काठावर दोनदा थाप मारून म्हणायचं, जाऊ दे! तेहतीस वर्षं भाईंनी एवढंच केलं. स्वतः मात्र एकदाही त्या बोटीत पाऊल टाकलं नाही.

याचं दुःख भाईंना नव्हतं, त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना होतं. काकींचं माहेर राजापूरकडे आत डोंगरात. समुद्र त्यांनी लग्नाआधी पाहिलाही नव्हता. स्थळ आलं तेव्हा "मुलगा बोटीवर असतो" एवढं ऐकून त्यांनी होकार दिला. मुलगा बोटीवर नसून बंदरावर असतो हे त्यांना हळद उतरल्यावर कळलं. तेव्हा भाईंनी शब्द दिला, "अगो, तुला केबिनात बसवून मुंबईला नेतो. दोघांनी जायचं. पुढच्या हंगामात."

पुढचा हंगाम आला आणि गेला. आपण गेलो तर पडाव कोण सोडणार, असा भाईंचा सवाल असे, आणि त्याला उत्तर नव्हतं, कारण ते कुणाला पडाव सोडायला देतच नसत. असे वीसेक हंगाम गेले. मग एका वर्षी पावसाळा सरला, नारळ समुद्रात पडला, आणि बोट काही आली नाही. पुढेही आली नाही. काकी त्यावर कधी भांडल्या नाहीत. फक्त भाईंनी कौलं शाकारायचं किंवा नळ दुरुस्त करायचं कबूल केलं की त्या शांतपणे विचारत, "पुढच्या हंगामात ना?" भाई लगेच शिडी शोधायला जात.

त्यांचा मुलगा संजय सिंगापूरला नोकरीला. दोन हजार दोन साली दिवाळीनंतर त्याने आईवडिलांना बोलावून घ्यायचं ठरवलं आणि तिथून चार दिवसांची बोटीची सहल काढली. पत्र आलं तसे भाई उखडले. "समुद्र बघायला सिंगापूरला? तिथं काय आहे? माड, उकाडा नि मासळी. मग इथं काय देवदार आहेत काय? दारात बस की गप!"

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरंच की. पुढच्या हंगामात जाऊ."

भाई त्याच दुपारी पासपोर्टचे फोटो काढायला गेले.

परत आल्यावर सहलीची हकिकत काकींनी आमच्या ओटीवर बसून सांगितली. भाई शेजारी पेपर धरून बसले होते. पेपर बराच वेळ उलटला गेला नाही, तेव्हा ऐकत असणार.

बोट अकरा मजल्यांची होती. भाई धक्क्यावर उभे राहून खालून वर, वरून खाली बघत राहिले आणि म्हणाले, "ही बोट नाय. कुणीतरी सरकारी हॉस्पिटल पाण्यात सोडलंय." आत गेल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, कुठे बसतो याची. जीव वाचवायची जाकिटं घालून सगळ्यांना डेकवर उभं करतात, तशी कवायत झाली. लोक हसत खिदळत फोटो काढत होते. भाई ओळीतून फिरून प्रत्येकाच्या नाड्या ओढून बघत होते. एका गोऱ्या साहेबाची गाठ त्यांनी सोडून पुन्हा बांधली. साहेबाने वाकून थँक्यू म्हटलं.

काकींना मात्र केबिन मिळाली होती. खिडकी, पांढरीशुभ्र गादी, आरसा. त्या म्हणाल्या, "मी चपला काढून पलंगावर मांडी घातली आणि तासभर नुसती बसले. हे म्हणाले, काय गो, बरं नाय वाटत? म्हटलं, गप बसा, मी केबिनात बसलेय."

पहिल्या संध्याकाळी जेवून परत येतात तो काय, खोली आवरणाऱ्याने पलंगावर टॉवेलांची घडी घालून हत्ती करून ठेवलेला. सोंड, कान, सगळं. काकींनी हात जोडले. पर्समधली कुंकवाची डबी काढली, टिळा लावला, जेवणाच्या टेबलावरून उचललेलं फूल वाहिलं आणि पुढे साखरेची पुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तो माणूस टॉवेल बदलायला आला तर भाई आडवे झाले. खुणा करकरून त्याला सांगितलं की पाच दिवसांशिवाय हलवता येणार नाही. सहल चार दिवसांची. शेवटी काकींनी तडजोड केली, दीड दिवसांचा म्हणून उत्तरपूजा केली आणि हत्ती त्याच्या हवाली केला. तोवर दोघं अंग पुसायला भाईंचा पंचा वापरत होती.

तिसऱ्या दिवशी एक बेट लागलं. बोट लांब नांगर टाकून उभी राहिली, कारण किनाऱ्याला पाणी उथळ. लोकांना छोट्या लाँचमधून उतरवायला लागले. भाईंनी ते कठड्यावरून पाहिलं आणि काकी म्हणतात, यांची पाठ एकदम ताठ झाली.

बेटावर माड होते, उकाडा होता, मासळी वाळत होती. भाईंनी एकदाच सभोवार बघितलं. "त्यापेक्षा आपल्या भाट्याच्या किनाऱ्यावर बसलो असतो," म्हणाले, आणि पुन्हा धक्क्यावर जाऊन उभे राहिले. काकी एकट्याच वाळूतून हिंडल्या.

परतायची वेळ झाली. लाँच लागली आणि शंभरएक माणसं एकदम पायऱ्यांवर घुसली. मग भाईंना राहवेना. ते पुढे झाले. "एक एक! आधी म्हातारी माणसं! ए, पोराला उचल! हां, उजवा पाय... बसा. सरका, सरका आत." सगळं मराठीत. चिनी म्हाताऱ्या, मद्राशी कुटुंबं, गोरे साहेब मुकाट्याने त्यांच्या हाताला धरून उतरत होते आणि सरकत होते. लाँचवाल्यालाही वाटलं, हे बोटीचेच कुणीतरी साहेब असणार. पहिली लाँच गेली, दुसरी गेली. शेवटच्या लाँचमध्ये भाईंनी काकींना हात देऊन बसवलं, माणसं मोजली, आकडा जुळला. काठावर दोनदा थाप मारली.

"जाऊ दे!"

आणि लाँच गेली.

भाई धक्क्यावर. त्यांचं बोटीचं कार्ड, पासपोर्ट, चष्मा, सगळं काकींच्या पर्समध्ये.

"मी ओरडले, अहो! अहो!" काकी सांगत होत्या. "यांनी हात वर केला नि हसले. तेहतीस वर्षांची सवय. आपण मागं राहिलो हे यांच्या ध्यानातच नाय! मग एकदम ध्यानात आलं. मला तोंडावर दिसलं ते."

लाँच बोटीला लागली. सगळे वर चढले. काकी उठल्या नाहीत. लोकांनी हात दिला, कुणी इंग्रजीत सांगितलं, कुणी दंडाला धरलं. काकींनी लाँचचा लोखंडी बार दोन्ही हातांनी पकडला. वर बोटीचा भोंगा झाला. वर त्यांची केबिन होती, खिडकीची, पांढऱ्या गादीची. काकी म्हणत होत्या, "माझा माणूस तिथं राहिलाय. दोघांनी जायचं ठरलंय. मी एकटी चढायची नाय." मराठी कुणाला कळत नव्हतं, पण बार कसा धरलाय ते सगळ्यांना कळत होतं. शेवटी लाँचवाल्याने वरच्या साहेबाकडे बघितलं, साहेबाने मान हलवली, आणि लाँच एकट्या काकींना घेऊन परत किनाऱ्याला गेली.

"हे तिथंच उभे. हात अजून वरच. म्हटलं, चला, बसा आता. तर मला विचारतात, माणसं किती?"

"मग?"

"म्हटलं, दोन."

आम्ही खूप हसलो. भाईंनी पेपर खाली केला नाही.

पुढच्याच आठवड्यात मला ऑफिसच्या कामाला मुंबईला जायचं होतं. भाई स्टेशनवर आलेच. सामान एक, माणूस एक, मोजून झालं. गाडी उशिरा होती. बाकावर बसल्यावर मी चिडवलं, "भाई, बेटावर घाबरलात ना?"

"घाबरलो कसला!" म्हणाले. मग छत्रीच्या टोकाने फरशी उकरत राहिले. "तुला एक सांगतो. तेहतीस वर्षं माणसं पडावात घातली मी. पडाव सुटला की जो तो आपापल्या घरच्यांकडे बघतो, रडतो, हात करतो. सोडणाऱ्याकडे कोण बघत नाय. बघावं असं पण नाय, आपलं काय नातं? पण रोज संध्याकाळी रिकाम्या धक्क्यावरून घरी चालत यायचो ना, तेव्हा कसंतरीच व्हायचं. हिला कधी बोललो नाय."

लांबवर गाडीची शिट्टी झाली. भाई उठले, माझी बॅग स्वतः उचलली.

"त्या दिवशी ही बघत होती रे. पार बोटीपर्यंत. मान वळवली नाय तिनं. मला चष्म्याशिवाय दिसतंय कुठं? पण तिचं निळं लुगडं दिसत होतं. म्हणून हात खाली केला नाय."

गाडी लागली. त्यांनी मला आत बसवलं, खिडकीतून पुन्हा एकदा बॅग मोजली, डब्यावर दोनदा थाप मारली. "जाऊ दे!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोरून किती वेळा गेलो असेन. दरवेळी थाप ऐकली की बॅग सीटखाली सारायची आणि पेपर उघडायचा. माझी मला लाज वाटली. मी उठून दारात आलो आणि त्यांच्याकडे बघून हात हलवायला लागलो.

भाई फलाटावर उभे होते. त्यांनी मला पाहिलं, आणि मी कुणाला हात करतोय ते बघायला मागे वळले. मागे कुणीच नव्हतं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. गाडीने वेग घेतला होता. मग त्यांनी काखेतली छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि हळूच हात वर केला.