किलोमागे साडेतीन तास

"दुकानातल्या केकमध्ये तास नसतात हो, नुसतं क्रीम असतं. हिच्या एका किलोत साडेतीन निघतात. आणि घेते किती, तर तीनशे."

हे लोंढेकाकू जिन्यात माझ्या सासूबाईंना सांगत होत्या. मी दाराच्या आत पायपुसणं झटकायला घेतलं होतं, ते तसंच हातात धरून उभी राहिले.

"घरचीच आहे ती," आई म्हणाल्या. "सामानाचे पैसे सुटले की झालं."

यात खोटं काहीच नव्हतं. मैदा चाळण्यापासून क्रीमचं शेवटचं फूल काढेपर्यंत एका किलोला मला साडेतीन तास लागतात. तीनशे रुपयांत मैदा, लोणी, क्रीम, वीज आणि खोका येतो. ज्या तासांचे पैसे मिळतात ते करणाऱ्याकडे राहतात. पैसे न मिळालेले तास केकबरोबर खोक्यात जातात आणि घेणाऱ्याच्या घरी निघतात. माझ्या दिवसाच्या शेवटून तेवढे कापले जातात.

लग्न होऊन मी या सोसायटीत आले तेव्हा माझा दिवस अकराला संपायचा. मार्च उजाडेपर्यंत रोज एक केक आणि थोडी नानकटाई जायला लागली आणि दिवस सव्वासहाला संपू लागला. सव्वासहानंतर माझ्यासाठी थेट दुसऱ्या सकाळचे सहा वाजतात. मधल्या वेळात मी खुर्चीत असते, असं आई सांगतात, आणि त्या माझ्या अंगावर शाल टाकतात.

माझा नवरा हर्षद सातला घरी येतो आणि पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसने जातो. आमची भेट पाऊण तासाने चुकायची. तो फ्रिजवर चिठ्ठी लावून जायचा. 'कँटीनमध्ये गवार होती. तू कशी आहेस?' मी खाली लिहायचे, 'बरी आहे. रविवारी दोन केक आहेत.'

सोसायटीचं मात्र छान चाललं होतं. लोंढेकाकू माझ्या तासांत पेटी शिकत होत्या. सेक्रेटरी पिंगळेकाकांनी पार्किंगचे पट्टे स्वतः रंगवले. नानकटाई स्टीलच्या डब्यातून जाते, आणि डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून बायका त्याच्या तळाशी पाच मिनिटं ठेवून देतात. त्यात मी नखं कापते.

भाव वाढवायला हवा हे मला कळत नव्हतं असं नाही. सामानाचे तीनशे आणि तासांचे सहाशे, असा हिशोब मी केला होता. बाथरूमच्या आरशासमोर "नऊशे" म्हणून बघितलंही. जमत होतं. पण दारात माणूस उभं राहिलं की तोंडातून निघायचं, "द्या हो, काय द्यायचं ते." मग ते तीनशे द्यायचे, आणि वर म्हणायचे, "सुट्टे नाहीत का?"

म्हणून मी आहेराच्या पाकिटांतून विजेचा बीटर घेतला. केक दोन तासांत होऊ लागला. माझा दिवस पावणेआठपर्यंत लांबला आणि तीन संध्याकाळी मी नवऱ्यासोबत जेवले. तो कढीपत्ता बाजूला काढून ताटाच्या कडेला ओळीने लावतो, हे मला चौथ्या महिन्यात समजलं. त्याला समजलं की मी जेवताना बोलत नाही. "मला वाटलं चिठ्ठ्यांमध्येच कमी बोलतेस," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी लोंढेकाकू रिकामा खोका घेऊन वर आल्या.

"केतकी, यात दोनच तास निघाले गं."

"बीटर घेतलाय, काकू."

"ते तुझं झालं. माझा भूप अर्धा राहिला. मास्तर बसलेत समोर आणि वेळच नाही, कसं दिसतं ते?"

मी "सॉरी" म्हणाले. का म्हणाले, ते अजून कळलेलं नाही.

रविवारी सकाळी अकराला गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. पहिला विषय टाकीची सफाई, दुसरा पार्किंगमधली मांजरं, तिसरा 'केकमधील तासांत झालेली घट'. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर असल्यामुळे सूनबाईंना मत नाही, पण बसायला हरकत नाही, असं पिंगळेकाकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. मी बसले.

"पूर्वीचं प्रमाण कायम ठेवावं, एवढीच मागणी आहे," पिंगळेकाका म्हणाले. "आपण कुणावर अन्याय करत नाही. केक हाताने फेटावा. सोसायटीच्या वर्धापनदिनाचा पाच किलोचा धरून."

"पाच किलोचे साडेसतरा तास होतात," हर्षद म्हणाला. "तिचा दिवसच सतरा तासांचा आहे, काका."

"मग अर्धा तास दुसऱ्या दिवशीचा घेऊ. एका दिवसाचं तर आहे."

"आणि सगळ्यांत वाटून खायचाय," लोंढेकाकू म्हणाल्या. "एकट्या कुणाला नकोय."

हर्षदने आईकडे पाहिलं. आईंनी पदर सावरला.

"फेटेल की हाताने, त्यात काय," त्या म्हणाल्या. "मी अठरा वर्षं सगळ्यांना दिवाळीच्या चकल्या करून दिल्या. तेलाचे आणि भाजणीचे पैसे घेतले, बास. याची चौथी ते सातवी मला माहीत नाही, पण कुणी नाव ठेवलं नाही आजवर."

कुणीतरी "खरंय" म्हणालं. पिंगळेकाकांनी मान डोलावली आणि वहीत टिपून घेतलं. हर्षद खाली जमिनीकडे बघत होता.

"कसा होता हो हा चौथीत?" आईंनी लोंढेकाकूंना विचारलं. अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं.

"हाडकुळा होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही खुर्चीत असायचात ना, तेव्हा आमच्याकडे यायचा गृहपाठ घेऊन. गुणी होता. पाढे छान म्हणायचा."

"हो का," आई म्हणाल्या. "यंदा पण करायच्यात ना चकल्या? सात किलो म्हणाला होतात."

"सातच. डबे पाठवते मी."

पिंगळेकाकांनी पेनाचं टोपण काढलं. "मग ठराव मंजूर. नियमाप्रमाणे विचारावं लागतं म्हणून विचारतो. सूनबाई, काही म्हणायचंय?"

सगळे माझ्याकडे वळले. आईही वळल्या. आता ही "द्या काय द्यायचं ते" म्हणणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"केक नऊशे रुपये किलो," मी म्हणाले. "आणि आईंच्या चकल्या आठशे."