कोवलमचा कावळा आणि आप्पांची ठेव

मला आजवर कोणी गंडवलेलं नाही! बँकेत कर्ज विभागात बसतो मी. समोरचा माणूस खुर्ची कशी ओढतो त्यावरून सांगतो, हा हप्ते फेडणार की बुडवणार. त्यामुळे त्या हॉलिडे कंपनीतून रंजनी नावाच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी गालातल्या गालात हसलो.

"काँग्रॅच्युलेशन्स सार! तुमची फॅमिली सिलेक्ट झाली आहे. चेन्नईजवळ कोवलमला आमचा सी-साइड रिसॉर्ट. शनिवार आणि रविवार दोन रात्री फ्री, सोमवारच्या ब्रेकफास्टपर्यंत! फक्त एक तास आमची स्कीम ऐकायची."

स्कीम मला पाठ होती. एकदाच घसघशीत रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दरवर्षी आठवडाभर त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. मध्यमवर्गीय माणूस 'एकदाच' या शब्दावर फार भाळतो. पण दरवर्षीचा देखभालखर्च वेगळा, जेवण वेगळं, गाडीभाडं वेगळं आणि मे महिन्यात खोली मागितली की सगळं भरलेलं! पगारदार माणसाला हे म्हणजे फुकट मिळाला म्हणून हत्ती दारात बांधण्यासारखं. मी ठरवून टाकलं. फुकट राहायचं, फुकट खायचं, तासभर मान डोलवायची आणि 'नाही' म्हणून चेन्नईत वेलचेरीच्या घरी परत यायचं!

"आणि तुम्हाला 'नाही' म्हणता आलं नाही तर?" आमच्या सौ. विद्युलताबाईंनी विचारलं.

"मला? बँकेत दिवसभर मी दुसरं काय म्हणतो?"

"गेल्या वर्षी पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा आला होता. दोन घेतलीत!"

"दुसरं तुझ्या भावाला दिलं ना!"

यावर तिनं माझ्याकडे फक्त बघितलं. बायकोचं ते बघणं कर्ज विभागात कुठेच शिकवत नाहीत.

अडचण निघाली ती आईची. "कृष्णा, शनिवारी सर्वपित्री अमावास्या आहे. ह्यांचं पान कुठे ठेवणार?"

हे म्हणजे आप्पा, माझे वडील. तीन वर्षांपूर्वी गेले. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणारा माणूस! मागे एक ठेव ठेवून गेले. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत आणि ऑपरेशन त्या ठेवीत नीट बसतं. पण आई म्हणते, "त्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलंय. त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय मी हात लावू देणार नाही." रोज रात्री ती भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते आणि 'आई गं' म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणते. मला ऐकू येतं.

गेलेल्या माणसानं 'हो' म्हणायचं कसं? तर कावळ्यामार्फत! पान मांडायचं, मनातलं बोलायचं. कावळा शिवला तर मंजूर. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, दुसरं वचन द्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समुद्राकाठी कावळ्यांना काय तोटा? "पान तिथेच ठेवू, आई! आप्पांनाही हवापालट! आणि गुडघ्यांचंही विचारून टाकू."

शनिवारी सकाळी आम्ही चौघं टॅक्सीत बसलो. मी, विद्युलता, आई, आणि आमची अकरावीतली कन्या ऊर्मी. मांडीवर डबे. भरड्याचे वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी!

कोवलमला उतरलो आणि माझं हसू जरा मावळलं.

एवढा मोठा रिसॉर्ट आणि चिटपाखरू नाही. गाड्या उभ्या करायची जागा मोकळी. बागेत चार झोपाळे, चारही रिकामे आणि चारही हलत होते. लांबवर किनाऱ्यावर ओल्या पंच्यातली माणसं ओळीनं बसली होती, सगळी पाठमोरी, एकजण हलत नव्हता.

"अय्यो बाबा, ते कोण?" ऊर्मी माझ्या दंडाला चिकटली.

"तर्पण करतायत," आई म्हणाली. "आज समुद्रावर पितरांसाठी येतात, बाळा. मजेला कोणी येत नाही."

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं, फुकट खोल्या नेमक्या आजच का रिकाम्या!

खोलीत गेलो. पलंगावर टॉवेलचे दोन हंस केलेले. दोघांच्याही माना दाराकडे. मी बाथरूमला जाऊन आलो तर माना बाथरूमकडे! "तू हलवलेस का?" "मी कशाला हलवू?" विद्युलता म्हणाली आणि पटकन ऊर्मीजवळ जाऊन उभी राहिली. कुठेतरी वीणा वाजत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी ती बंद करायला बटण शोधत असताना अगदी माझ्या कानामागून आवाज आला.

"यावें स्वामी. प्रवास सुखाचा जाहला ना?"

मी केवढ्यानं ओरडलो म्हणून सांगू! मागे टाय लावलेला, पांढराफटक, हसरा माणूस उभा. पावलांचा आवाज नाही, दाराचा नाही. चेन्नईत आधीच मराठी कानावर पडत नाही, आणि पडली ती दोनशे वर्षांपूर्वीची!

"भिऊं नये. मी व्यासराव, सेल्सकडचा. आम्ही तंजावरचे. आमचे पूर्वज राजांबरोबर आले ते इथेंच राहिले. घरीं हीच बोली. तुमचें नाव पाहिलें आणि म्हटलें, आपलीं माणसें आलीं!"

आई तर खूश. "किती घरंदाज बोलणं! नाही तर आपली ऊर्मी, अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी."

व्यासरावांनी तिथेच सुरुवात केली. पंचवीस वर्षं. हिल स्टेशन, बॅकवॉटर, समुद्र. "आणि स्वामी, तुमच्या पश्चात मेंबरशिप कन्येला जाते. तिच्या पश्चात तिच्या लेंकरांला."

"आणि देखभालखर्च?"

"तोही जातो."

मला घाम फुटला. पितृदोष तरी नारायणनागबळी केला की सुटतो! मी ठाम आवाजात म्हणालो, "आधी पान. मग बोलू."

"अगत्य! चलावें, गच्चीवर."

भर दुपारचे बारा. गच्चीच्या कठड्यावर आईनं पान मांडलं. वाफाळता भात, वर तुपाची धार. समोरच्या भिंतीवर कावळे बसले होते. इतके कावळे मी एका जागी कधी पाहिले नव्हते, आणि एकही ओरडत नव्हता! नुसते बघत होते. पानाकडे नाही, आमच्याकडे.

वेलचेरीच्या गच्चीवर पान खाली टेकायच्या आत झडप पडते. इथे वाट बघून बघून तूप थिजलं.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," आईचा आवाज कापरा झाला.

मी हात जोडले. "आप्पा, दिवाळीनंतर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करू. तुमच्या ठेवीतून. चालेल ना?"

समोरच्या कावळ्यानं सावकाश पाठ फिरवली.

"बघ! बघ!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "जन्मभर माझ्या दुखण्याला पाठच दाखवली, आताही तेच!"

विद्युलता घाईघाईनं पुढे झाली. "आप्पा, ऊर्मीचं लग्न थाटात करू!"

"आई! मी अकरावीत आहे!"

कावळा ढिम्म. मी त्यांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायचं वचन दिलं, नाशिकच्या आत्याशी अबोला सोडायचं दिलं, सिगारेट सोडायचंही दिलं. (मी ओढत नाही. पण वेळच तशी होती.) शेवटी म्हणालो, "बरं आप्पा, ठेवीला हातच लावत नाही, मग तर झालं?" तरी नाही! आता मात्र मलाच भीती वाटायला लागली. वारा पडला. कावळ्यांची ती ओळ अजूनही आमच्याकडे बघत होती.

व्यासराव पानाशी आले, वाकून नमस्कार केला, आणि हळूच म्हणाले, "स्वामी, कदाचित त्यांचे मनांत याच जागेविषयीं कांहीं असेल. एकदां म्हणून तर पाहावें."

मला हसायला हवं होतं. पण माझे हात आपोआप जोडले गेले. मी पुटपुटलो, "आप्पा... ही मेंबरशिप घेऊ का?"

सपकन काळं काहीतरी माझ्या कानावरून गेलं! एक नाही, दहा! पानावर नुसता पंखांचा कालवा. विद्युलता किंचाळली, ऊर्मी खाली बसली, आणि आई एकटी हात जोडून उभी राहिली.

"मिळालं उत्तर," ती म्हणाली. "जन्मात कधी मला कुठे फिरायला नेलं नाही. तिथे जाऊन पश्चात्ताप झाला असेल. घे कृष्णा. त्यांची ठेव, त्यांची इच्छा. माझे गुडघे काय, चाललंय तसं चालेल."

"अहो आई, पण..." विद्युलताला रडू फुटलं. ती माझ्याकडे वळली. "बोला ना तुम्ही काहीतरी! तुम्ही दिवसभर 'नाही' म्हणता ना?"

सांगतो तुम्हाला, बँकेत 'नाही' म्हणणं सोपं असतं. तिथे समोर कावळा नसतो. पितरांना दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि मोडला, तर आई पुन्हा कधी गुडघ्यांचं नाव काढू देईल?

खालच्या गार हॉलमध्ये व्यासरावांनी पेन माझ्या हातात दिलं. शंभर खुर्च्या आणि बसलेले आम्ही तिघं. आई पान आवरायला वर थांबली होती. मी सही करायला वाकलो आणि वरून आईची किंकाळी आली. आई जोरात बोलतसुद्धा नाही! आम्ही जिना चढून धावलो.

आई कठड्याला धरून उभी होती. तिनं पानाकडे बोट दाखवलं. खिरीच्या शेजारून कुणीतरी आमच्याकडे बघत होतं. बारीक, चंदेरी, वाटोळे डोळे.

सुकट!

"हे माझ्या ह्यांच्या पानावर?" आईनं पदर नाकाला लावला. "चातुर्मासात त्या माणसानं कधी कांदा खाल्ला नाही, आणि त्याच्या श्राद्धाच्या पानावर मासे?"

आम्ही सगळे व्यासरावांकडे वळलो. पांढराफटक माणूस आणखी पांढरा झाला. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. वास आला.

"क्षमा, माई. इथले कावळे कोळ्यांचे. दिवसभर ताजी मासळी खातात, भातास शिवत नाहींत. दरवर्षीं लोक पान घेऊन येतात, आणि कावळा न शिवल्यावर रडत परत जातात. मला बघवत नाहीं. म्हणून नमस्कार करतांना थोडी पसरून ठेवतों. कोणाचे पितर उपाशी गेले असें वाटूं नये."

"आणि मेंबरशिपचं काय?" विद्युलतानं कमरेवर हात ठेवला.

व्यासराव खाली बघू लागले. "या महिन्यांत एकही जाहली नव्हती, ताई."

रागवायचं की नाही ते कळेना. आईनंच सोडवलं. "म्हणजे ते कावळे आप्पांसाठी आलेच नव्हते. शब्द सुटला! चला घरी." मी पेन परत केलं आणि आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं 'नाही' म्हणालो.

दोन्ही रात्री सोडून आम्ही त्याच संध्याकाळी वेलचेरीला परत आलो. सूर्य मावळायच्या आत आईनं उरलेल्या वड्यांचं पान आमच्या गच्चीवर मांडलं. आमचे नेहमीचे कावळे आले, डोक्यावर दोन चकरा मारल्या आणि निघून गेले. मी गुडघ्यांचं पुन्हा विचारलं. कोणी खाली उतरलं नाही.

"ते इथे नाहीतच," आई म्हणाली. 

तेवढ्यात फोन वाजला. व्यासराव. आवाज घाबराघुबरा. "स्वामी, तुम्ही गेलांत, पण एक कावळा गेला नाहीं. एकटाच आहे. सुकट टाकली, तोंड फिरवलें. आतां नाश्त्याच्या हॉलांत खुर्चीवर येऊन बसला आहे. उठवलें तरी उठत नाहीं. आणि टेबलावरच्या साखरेच्या पुड्या एकेक उचलून कठड्यावर नेऊन लपवतो आहे!"

मी फोन आईच्या कानाला लावला. तिनं ऐकलं आणि मटकन पायरीवर बसली.

"हेच ते! साखरेच्या पुड्या खिशात घातल्याशिवाय ते कधी कुठल्या हॉटेलातून उठले नाहीत."

 खाली रस्त्यावरच्या शेअर ऑटोंचे आवाज तेवढे येत होते. मला वाटलं आई आता रडणार. पण तिच्या चेहऱ्यावर मी लहानपणापासून न पाहिलेलं काहीतरी उमटलं. तिनं एकदा आभाळाकडे पाहिलं, मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "कृष्णा, फुकटचं सोडून ते मध्येच यायचे नाहीत. सोमवारची न्याहारी तिथे किती वाजेपर्यंत असते रे?"

"साडेदहा."

"आणि तुझी बँक?"

"दहाला उघडते."

"मग अर्धा तास आहे," आई म्हणाली. "ते यायच्या आत ठेव मोड!"

सोमवारी मी दहाच्या ठोक्याला बँकेत हजर होतो. मॅनेजर दचकले. ठेव मोडली, पैसे आईच्या खात्यात टाकले, डॉक्टरांना फोन केला. सगळं साडेदहाच्या आत! मी काही भित्रा माणूस नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. पण सह्या करताना खिडकीचा पडदा मात्र ओढून घेतला होता.