अकरा टक्के संथ

"तीस हजार. कॅमेऱ्यावर त्याहून एक पैसा जरी जास्त गेला, तरी ती खोली माझी," बायकोने बजावले आणि दशांशरावांनी आनंदाने मान डोलावली. ज्याने आयुष्यात कधी आकडा ढोबळ करून सांगितला नाही, त्याला मर्यादेची कसली भीती?

खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची सहा बाय आठची अडगळ. दशांशरावांना तिथे फोटो धुण्यासाठी काळोखी खोली करायची होती. बायकोला तिथे शिलाई मशीन ठेवायचे होते. हे मशीन गेली तीन वर्षे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते आणि येता-जाता तिची नडगी त्याच्यावर आपटत होती.

दशांशराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. तराजू, तापमापके आणि दाबमापके तपासून त्यांना पास-नापास करणाऱ्या प्रयोगशाळेत ते वीस वर्षे काम करत होते. हे नाव तिथल्या सहकाऱ्यांनी ठेवले होते. सहकारी ते चेष्टेने घेत, दशांशराव पदवीसारखे मिरवत.

कॅमेरा परदेशातल्या जुन्या मालाच्या एका दुकानात सापडला होता. रीळ घालायचा, धातूचा, दशांशरावांच्या लग्नाहून जुना. किंमत, वाहतूक, विमा आणि कस्टमचे शुल्क असा सगळा हिशेब त्यांनी एका कागदावर मांडून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. एकूण अठ्ठावीस हजार सहाशे चौदा पॉइंट तीन सात.

"पॉइंट तीन सात कुणाला द्यायचे?" बायकोने विचारले.

"द्यायचे नसतात. माहीत असायचे असतात."

तीन आठवड्यांनी कॅमेऱ्याऐवजी कस्टमची दोन पानी नोटीस आली. पहिल्या पानावर लिहिले होते, की जाहीर केलेली किंमत बाजारभावाच्या मानाने कमी वाटते.

"वाटते?" दशांशराव म्हणाले. "वाटते म्हणजे काय? कुणी मोजलंय का?"

दुसऱ्या पानावर कार्यालयाच्या वेळा आणि तसलाच किरकोळ मजकूर असणार असे गृहीत धरून त्यांनी ते पान फ्रिजवर हिशेबाशेजारी लावून टाकले. इतरांच्या गृहीतकांवर त्यांनी हजारो वेळा लाल रेघ मारली होती. स्वतःच्या गृहीतकांवर मारायला मात्र त्यांच्याकडे पेन नव्हते.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. तो जुन्या गाड्यांचा धंदा करी.

"भाऊजी, भाव पाडायचा म्हणजे मालाला नावं ठेवायची. आपण घेताना गाडी भंगार असते आणि विकताना नवी नवरी. सोपं आहे."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खरंच लिहा की. जुन्या वस्तूत काय कमी खोडी असतात?"

हा तर्क पटला. दशांशरावांनी दुकानदाराकडून बारीकसारीक फोटो आणि चाचणीचे आकडे मागवले आणि रविवारचा दिवस घालून नऊ पानांचा अहवाल लिहिला. एकूण सतरा दोष. भिंगाच्या कडेला बुरशी, रुंदी शून्य पॉइंट चार मिलिमीटर. प्रकाशमापक बंद. शटर सर्वोच्च वेगाला अकरा टक्के संथ. शेवटी हात सवयीने चालला. प्रयोगशाळेत नापास यंत्राच्या कागदावर जे वाक्य ते वीस वर्षे लिहीत आले होते, तेच त्यांनी इथेही लिहिले आणि खाली सही ठोकली: 'सदर उपकरण वापरास अयोग्य.'

कस्टमच्या मूल्यांकन अधिकारी बाईंच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली चार निरनिराळ्या वर्षांची कॅलेंडरे. शेजारी एक वयस्कर कारकून शिक्क्याची शाई सुकू नये म्हणून की काय, मधूनमधून कशावर तरी शिक्का मारत होता. बाईंनी अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दशांशरावांना भरून आले. प्रयोगशाळेतही त्यांचे अहवाल कुणी इतके वाचत नसे.

"फार काटेकोर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुमचं म्हणणं मला मान्य आहे."

"आभारी आहे, मॅडम. मग किंमत कमीच धरायची ना?"

"किमतीचा प्रश्नच मिटला. उपकरण वापरास अयोग्य, म्हणजे निकामी माल. निकामी माल आणायला परवाना लागतो. आहे?"

"नाही."

"मग नष्ट करावा लागेल. त्याचा खर्च मागवणाऱ्याकडून घेतात."

दशांशरावांनी खुर्चीचा हात धरला. "अहो, निकामी नाही तो. अयोग्य म्हणजे अचूक मोजमापाच्या दृष्टीने. चालतो तो. उत्तम चालतो."

"कशावरून?"

हा प्रश्न त्यांनी जन्मभर जगाला विचारला होता. उलट दिशेने तो प्रथमच आला.

"फोटो काढून दाखवतो," ते म्हणाले.

बाईंनी 'कॅमेरा उत्तम चालतो, फोटो काढून दाखवतो' असा अर्ज सहीनिशी लिहून घेतला. दोन दिवसांनी गोदामात, खोक्यांच्या भिंतींमध्ये, कॅमेरा त्यांच्या हातात आला. तो थंड आणि जड होता. शटरचा आवाज ऐकून दशांशराव क्षणभर नोटीस, बुरशी आणि बायको हे तिन्ही विसरले. मग त्यांनी खिशातून वेगळा प्रकाशमापक काढला, खिडकीपाशी उभ्या कारकुनावरचा उजेड मोजला, शटर संथ म्हणून भिंगाचे छिद्र केसभर लहान केले आणि बुरशी फोटोत येऊ नये म्हणून आणखी थोडे. कारकुनाने शिक्का छातीशी धरून मान ताठ केली.

स्टुडिओतून धुऊन आलेला फोटो बाईंनी चष्मा लावून पाहिला. कारकुनाच्या बोटावरची शाई दिसत होती. मागच्या खोक्यावरचा पत्ता वाचता येत होता. कारकून तर फोटो हातातून सोडेना.

"इतका चांगला फोटो माझा लग्नातपण नाही आला," तो म्हणाला.

"मग बुरशी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"कडेला आहे. छिद्र लहान ठेवलं की दिसत नाही."

"आणि शटर संथ आहे ते?"

"तेवढं मी हिशेबात धरलं."

"म्हणजे फोटो कॅमेऱ्यामुळे नाही, तुमच्यामुळे चांगला आला?"

"अर्थात," दशांशराव म्हणाले. हे सत्य होते आणि ते सांगायला मिळाल्याचा त्यांना आनंदही होता.

"मग शुल्क तुमच्यावर लावू का?"

कारकुनाने तोंड फिरवले, पण हसण्याने त्याचे खांदे हलत होते.

बाईंनी अहवाल आणि फोटोचा अर्ज शेजारीशेजारी ठेवले. "इथे तुमची सही आहे, कॅमेरा अयोग्य. इथेही तुमचीच सही आहे, कॅमेरा उत्तम. यातलं खरं काय?"

"दोन्ही खरं आहे, मॅडम. हे समजून घ्यायला थोडं..."

"माझ्याकडे रकाना एकच आहे."

दशांशरावांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवले. रकान्यात 'निकामी'पेक्षा 'उत्तम' बरे. बाईंनी 'स्थिती: उत्तम' लिहिले, त्या हिशेबाने किंमत वाढवली, चुकीचा अहवाल दिल्याबद्दल दंड लावला आणि गोदामाचे सव्वीस दिवसांचे भाडे जोडले. सगळे मिळून एकेचाळीस हजार दोनशे पंच्याहत्तर झाले. त्यात दशांश नव्हते.

घरी त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पावती त्याच्याखाली. बायकोने कॅमेरा उचलला आणि पावती वाचली. मग ती फ्रिजपाशी गेली आणि नोटिशीचे दुसरे पान घेऊन आली.

"हे वाचलं होतंत?"

"त्यात कार्यालयाच्या वेळा आहेत."

"वेळा खाली आहेत. वर वाचते, ऐका. 'फेरमूल्यांकन मान्य असल्यास वाढीव शुल्क बाराशे सेहेचाळीस सात दिवसांत भरून पार्सल सोडवून घ्यावे.'"

दशांशरावांनी डोळे मिटले. बेरीज आपोआप झाली.

"एकशे एकोणचाळीस पॉइंट सहा तीन," ते म्हणाले.

"काय ते?"

"तीस हजारांतून उरले असते."

मग त्यांच्या मनात एक शंका आली. शंका घेण्यात त्यांचा हातखंडा होता, फक्त या खेपेला ती सव्वीस दिवस उशिरा आली.

"हे पान तू कधी वाचलंस?"

"आलं त्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

बायकोने साडी वीतभर वर धरली. नडगीवर निळे, पिवळे आणि जांभळे डाग होते, काही ताजे, काही तीन वर्षांच्या अनुभवाचे.

"मोजता?" तिने विचारले.

दशांशरावांनी मोजले नाहीत.

रविवारी शिलाई मशीन अडगळीच्या खोलीत गेले. खिडकीखाली ते अगदी बेतून केल्यासारखे बसले. बायको मशीनपुढे बसली आणि तिने त्यांना हाक मारली.

"अहो, एक फोटो काढा. आणि ते छिद्र जरा लहान ठेवा, तो अकरा टक्के संथ आहे ना."

दशांशरावांनी छिद्र केसभर लहान केले. फोटो उत्तम आला. धुवायला मात्र बाहेर द्यावा लागला.