साराचा आठवडा

आवळेखारचा आठवडा आपल्या खांद्यावर पुढं सरकतो, असं शिमशोन झिराडकर गावभर सांगत असे, आणि कुणी मान डोलावली की लगेच म्हणे, "म्हणजे खांदे दहा लागतात, आणि माझा असतो तो भिंतीला टेकून घोरत."

आठवडा मात्र खरोखरच तसा सरकतो. दर शनिवारी तोरा या धर्मग्रंथाचा एक उतारा वाचायचा, वर्षात पाचही पुस्तकं संपवायची आणि संपली त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून लावायची, ही बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी रीत. बाकीच्या गावांत वर्ष आपलं चालतं आणि वाचन त्याच्या सोबतीनं. आवळेखारात वाचन झालं तरच आठवडा संपतो. नाही झालं तर शनिवारनंतर पुन्हा त्याच आठवड्याचा रविवार उजाडतो. वाचनाला मशिदीत (प्रार्थनाघराला ही मंडळी मशीदच म्हणतात) दहा पुरुष लागतात. बाकीचे गाव सोडून गेले, त्यामुळे दहा म्हणजे मोजून दहा.

गेले अकरा शनिवार नऊच भरत होते.

अडकला तो साराचा, म्हणजे त्यांच्या आद्य मातेचा, उतारा. "नाव साराच्या आयुष्याचं, आणि पहिल्या दोन ओळींत बाई खलास," शिमशोन पूर्वी पोरांना सांगून हसायचा. यंदा हसला नाही. त्याची बायको मिल्काबाई पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती आणि त्या रविवारी तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला अंगणात बोलावून सांगितलं होतं, "काका, हा आठवडा. पुढचा नाही."

शिमशोन चौथीपर्यंत शिकलेला. डॉक्टरचं बोलणं त्यानं शब्दाला शब्द धरलं.

पहिल्या शनिवारी त्याचा पाय मुरगळला. दुसऱ्या शनिवारी दुसरा. तिसऱ्या शनिवारी त्यानं टोपी हरवल्याचा निरोप पाठवला, तोही टोपी घालूनच. गाव हसलं. शिमशोनच्या खोड्यांना हसायची गावाला सवय होती. पण बुधवारी पेरलेले वाल रविवारी पुन्हा गाडग्यात दिसू लागले, तेव्हा हसणं थांबलं.

मशिदीचे मुकादम इसाजी तळकर यांची सून एस्तेर नऊ महिने भरून बसली होती. तिचे दिवस पुढच्या उताऱ्यात, जुळ्यांच्या जन्माची गोष्ट वाचतात त्या आठवड्यात पडत होते. आरोग्यसेविका दर मंगळवारी येई, पोटाला हात लावी आणि वहीत "वरीलप्रमाणे" लिही. पाचव्या खेपेला इसाजींनी पलीकडच्या गावातून एक माणूस आणून बसवला. पण त्याचा साराचा उतारा चार शनिवारांपूर्वीच वाचून झालेला, त्यामुळे तो मोजण्यात धरता आला नाही. चहा पिऊन गेला. मग तहसील कचेरीतून पत्र आलं : आपल्या गावाचा दिनांक तालुक्याच्या दिनांकाशी जुळत नाही, तरी खुलासा करावा. इसाजींनी खुलासा केला : दहावा इसम हयात आहे, ठणठणीत आहे, येत नाही.

अकराव्या शनिवारी सकाळी इसाजी स्वतः शिमशोनच्या दारात उभे राहिले.

"आज कुठला पाय, शिमशोन?"

"पाय संपले, इसाजीशेट. आज कंबर."

"एस्तेर रडते रे. म्हणते, पोर आत कंटाळलं."

"बाहेर येऊन काय दिवे लावणार आहे? हेच गाव, हेच नऊ चेहरे."

इसाजी उंबऱ्यावर बसले. "ये असं म्हणवत नाही मला. येऊ नको असंही म्हणवत नाही. आठ जण तिकडं बसलेत. पोथीची पेटी उघडून ठेवलीय."

शिमशोननं आत नजर टाकली. उद्या पुन्हा त्याचा रविवार होता. रविवारी मिल्का उशीला टेकून बसायची, पेज मागायची, पेजेत मीठ कमी म्हणून त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. सोमवारीही थोडं बोलायची. मंगळवारपासून आवाज खोल जाई. गुरुवारी ती पदराचा बोळा दातांत धरी. शुक्रवारचं शिमशोनला नीट माहीत नव्हतं. शुक्रवारी तो गळ घेऊन खाडीवर जात असे आणि दिवेलागणीला परत येई.

"अहो," आतून हाक आली.

तो आत गेला. मिल्काबाईच्या ओठांवर दातांचे व्रण होते. उद्या ते नसणार होते.

"कोण आलंय?"

"कुणी नाही गं. इसाजीशेट. कंबरेला तेल विचारायला."

"ऐकलं मी सगळं."

शिमशोन तिच्या पायाशी बसला. "उद्या पेजेत मीठ बरोबर घालतो," तो म्हणाला. "की कमीच घालू? शिव्या द्यायला तुला काहीतरी पाहिजे."

ती हसली नाही. "तुमचे अकरा रविवार झाले."

"झाले की. बरी असतेस तेव्हा. मस्त बोलतेस."

"माझे अकरा शुक्रवार झाले."

बाहेर इसाजी खाकरले. शिमशोननं खुंटीवरची टोपी काढली, झटकली, परत खुंटीला लावली.

"आणखी एकच रविवार, मिल्का," तो म्हणाला. "एकच. मग जातो. एलियाहू हन्नाबीची शपथ. तूच सांग, जाऊ कसा मी?"

"दहांत बायकाही मोजत असते ना," मिल्काबाई म्हणाली, "तर पहिल्याच शनिवारी मी रांगत जाऊन दहावी बसले असते."