पितळी फिल्टरातल्या रक्तवाढीच्या गोळ्या

वादिराजरावांना म्हणून काही वाया गेलेलं बघवत नाही! अंबुजाबाईंची नवऱ्याविषयी ही एकच तक्रार. बाकीच्या साऱ्या तिचीच पिल्लं. नातवाचं उरलेलं खोकल्याचं औषध हा माणूस खोकला नसताना पिणार. शेजाऱ्यांनी टाकलेली छत्री ऊन-पाऊस नसताना उघडून फिरणार. जित्याची खोड, दुसरं काय!

म्हणून सून शरण्यानं त्यांच्यासाठी रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, तेव्हा त्या नवऱ्याच्या नजरेस पडू द्यायच्या नाहीत असं अंबुजाबाईंनी पक्कं ठरवलं. कारण त्या त्यांना स्वतःला खायच्याच नव्हत्या!

"अम्मा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या तुमच्या पोटाला सोसेनात, म्हणून डॉक्टरांनी ह्या लिहून दिल्यात. महाग आहेत हं! एकही चुकवू नका," असं बजावून शरण्या अंबत्तूरच्या ऑफिसला पळाली.

किंमत ऐकून अंबुजाबाईंचं होतं तेवढं रक्तही आटलं. एवढ्या पैशात तंजावरात अख्ख्या आळीला शेवग्याच्या पाल्याची भाजी जेवू घातली असती! त्यांच्या आईनं आठ बाळंतपणं त्या पाल्यावर काढली. तिचं हिमोग्लोबिन विचारायला कोण आलं होतं?

तरी एक गोळी त्यांनी घेतली, सकाळच्या कॉफीबरोबर. दिवसभर तोंडाला अशी चव, जशी देवळातली घंटा चाटलीय! मग पुढच्या साऱ्या पट्ट्या वरच्या फळीवरच्या कॉफी गाळायच्या जुन्या पितळी फिल्टरात जाऊन पडल्या. बटणाचं कॉफी मशीन आल्यापासून तिकडे कोण फिरकतंय! शरण्यानं विचारलं की अंबुजाबाई ठसक्यात सांगत, "घेतली! काय समजलीस मला?"

आणि एका सकाळी वादिराजराव न्हाणीघरातून भिंत धरत बाहेर आले.

"अंबुजे, संपलं!"

"काय, साबण?"

"मी! मी संपलो! शौचाला काळं होतंय. डांबरासारखं! मोबाइलात बघितलं, पोटात रक्त वाहत असलं की असं होतं म्हणे."

अंबुजाबाई हातातलं काम टाकून पुढे धावल्या. "कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

शरण्यानं ऑफिस बुडवलं. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून मुलगा विजयेंद्र पाळी अर्धी टाकून निघाला. त्यानं वाटेत आत्याला कळवलं, आत्यानं उरलेल्या जगाला! तासाभरात कुठले कुठले नातलग व्हिडिओ कॉलवर डोळे पुसू लागले. एका मावसभावानं तर हळूच विचारलं, "तेराव्याला आचारी आपल्यातलाच सांगू ना?"

वादिराजरावांनी शेवटची इच्छा म्हणून उडदाच्या पिठाचं डांगर आणि भात मागितला, आणि दोनदा वाढून घेतला. मग पडल्या पडल्या म्हणाले, "आठवतं का ग, तंजावर सोडून आलो ते? अंबत्तूरची खोली. एक चटई, एक फिल्टर."

आठवत कसं नाही! फिल्टरातून उतरलेलं पहिलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, ते बायकोच्या कॉफीला द्यायचे. त्याच भुकटीवर पुन्हा पाणी ओतून निघालेलं फिकं पाणी स्वतः घ्यायचे. "मला असंच आवडतं," म्हणायचे. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत दोघं उंबऱ्यात बसून पीत. समोर रस्ता नव्हता, नुसता चिखल आणि बगळे. आता तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण ते फिकं पाणी खरंच आवडतं का, हे अंबुजाबाईंनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता विचारायच्या आत हा माणूस निघाला होता!

दवाखान्यात जाताना रिक्षात त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. लग्नातल्या पाणिग्रहणानंतर चारचौघांत पहिल्यांदाच!

डॉक्टर सौम्यांनी सगळं ऐकलं. "लोहाच्या गोळ्या घेता का? त्यानंही काळं होतं."

"मी? छे!" वादिराजराव पंख्याकडे बघत म्हणाले.

"त्या अम्मांना आहेत," शरण्या म्हणाली.

"रोज घेते!" अंबुजाबाई मान ताठ करून.

"मग तोंडातून नळी घालून पोटात बघावं लागेल."

नळीचं नाव निघताच वादिराजरावांचे कान जास्वंदीसारखे लाल झाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग अंबुजाबाईंकडे. पुढे वाकून अंबुजाबाईंची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

"रोज घेता? पापणी तर आतून तांदळाच्या पिठासारखी पांढरी! ह्या घरात गोळ्या खातंय कोण?"

वादिराजराव पुटपुटले, "मी तो फिल्टर अधूनमधून चिंचेनं घासायला काढतो. जुने दिवस आठवतात. आत बघतो तर ह्या पट्ट्या! इतक्या महागाच्या! टाकायच्या कशा?"

डॉक्टरांनी दोघांना एकाच दमात झाडलं. गरज नसताना लोह खाणं हा खेळ नव्हे, रक्त तपासून जा! आणि अम्मा, गोळी कॉफीबरोबर नाही, कॉफीनंतर दोन तासांनी! पोटाला त्रास झाला तर मला सांगायचं, लपवायचं नाही!

शरण्या ओढणी तोंडावर दाबून हसत होती. बाहेर विजयेंद्र फोनवर आचाऱ्याला नको म्हणून सांगत होता.

अंबुजाबाईंनी डोळे पुसले. कुणी बघितलं तर नाही ना, एवढं पाहून घेतलं. मग पदर खोचला आणि भर दवाखान्यात कडाडल्या, "ऐका हो! गोळ्या खायची एवढीच हौस असेल, तर आपला आपण आजार काढायचा! बायकोच्या आजारावर जगायला लाज नाही वाटत?"