न पडणारी गाडी

आबारावांची गाडी अकराव्यांदा दरीत गेली, विजेची घंटा ठणाणा वाजली आणि भोवतीची माणसं खो खो हसली. आबारावांनीही हसतच घाम पुसला आणि म्हणाले, "श्रीपती, ह्या खेळाची सोसायटी काढू."

हे घडलं येडशीजवळच्या रामलिंगाच्या जत्रेत. श्रीपती बेंबळीचा, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. त्या साली पावसानं असा दगा दिला होता की लोकांनी रेडिओत सेल घालणंच सोडलं, मग दुरुस्ती कुठली? रिकाम्या हातांना चाळा म्हणून त्यानं एक खेळ बनवला. हातभर फळीवर तांब्याची जाड तार, येडशीच्या घाटासारखी वळणं घेत गेलेली. तारेत एक कडी आणि कडीवर पत्र्याची इवलीशी लाल एस.टी. कडीचा दांडा धरून गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची. कडी तारेला टेकली की घंटा वाजे, आणि गाडी दरीत पडली असं समजायचं. दहा पैशांत एक फेरी.

लोक तुटून पडले. "अवो डायव्हर, म्हातारी बसलीय गाडीत, दमानं!" असं मागून कुणीतरी ओरडायचं, खेळणाऱ्याचा हात थरथरायचा आणि घंटा वाजायची. पडलेला माणूस चरफडत पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. दुष्काळानं सुकलेली ती तोंडं मिनिटभर हसताना पाहून श्रीपतीला दहा पैशांपेक्षा जास्त मिळाल्यासारखं वाटायचं. आपल्या हातच्या वस्तूनं माणसं अशीच हसत राहावीत, एवढंच त्याला पाहिजे होतं. ते त्यानं कसं घालवलं, हे सांगताना आजही वाईट वाटतं.

आबाराव दुधाच्या, खताच्या आणि कोंबड्यांच्या सोसायटीचे चेअरमन होते. कुठं चार माणसं जमलेली दिसली की त्यांना पाचवा चिटणीस सुचायचा.

"एवढ्याशा फळीवर एवढी गर्दी," ते म्हणाले, "मग हत्तीएवढ्या खेळावर किती हुईल?"

हा हिशेब श्रीपतीलाही पटला. सोसायटी निघाली, गावोगाव शेअर खपले, सात गावांचे सात संचालक झाले. श्रीपतीला 'व्यवस्थापक' अशी पाटी आणि हाताची खुर्ची मिळाली. जुना खेळ मोडून त्याची तार आणि घंटा नव्या खेळात घालायची, असं ठरलं.

पहिल्याच बैठकीत ईट गावचे संचालक दगडोबा म्हणाले, "ही गाडी जाती कुठं?"

"कुठंच न्हाय. नुसती घाटातनं जाती," श्रीपती म्हणाला.

"कुठंच जात न्हाय, आन् त्यापायी एवढा खर्च? ईटवरनं जाऊ द्या."

"ईटवरनं जाती, तर मुरूमवरनं का न्हाय?" मुरूम गावचे बंडप्पा उसळले. "आमी काय घोडं मारलंय?"

संध्याकाळपर्यंत रस्ता सातही गावांवरून जायचा ठरला. प्रत्येक गावी थांबा, थांब्यावर रंगवलेली पाटी आणि पाटीवर दिवा. हातभर फळीची तीस फूट लांब फळी झाली. ती बैलगाडीत मावेना म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली ठरवली. एक फेरी पाऊण तासाची झाली.

तरीही खेळ तरला असता. पण चाचणीच्या दिवशी गाडी नेमकी ईटच्या पाटीखाली पडली. घंटा वाजली आणि दगडोबांचा चेहरा पडला.

"आमच्याच गावात अपघात? निवडणूक तोंडावर आलीय. लोक म्हनतील, दगडोबाच्या राज्यात गाडी पडती!"

मग ईटपुरत्या तारेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे कडी टेकली तरी घंटा वाजणार नाही. ते बघून बाकीच्या सहा जणांनीही आपापली गावं गुंडाळून मागितली.

"आबा, पर घंटाच वाजली न्हाय तर खेळ कसला?" श्रीपतीनं एकदा भीतभीत विचारलं.

"आरं, दोन गावांच्या मधी तार उघडी हाय की!"

"मधी कशी?" बंडप्पा म्हणाले. "शिवारबी आमचंच हाय. त्यात पडली तरी नाव मुरूमचंच जानार."

एका गावाची शीव संपते तिथंच दुसऱ्याची सुरू होते. त्यामुळं सगळा रस्ता पट्टीनं गुंडाळला गेला. उरली घाटाची वळणं. तर येडशीचे महारुद्र म्हणाले, "वळनाचा रस्ता म्हंजे गावाची बेअब्रू. सरळ करा." ती वळणं श्रीपतीनं स्वतःच्या हातांनी ठोकून सरळ केली. त्या दिवशी तो जेवला नाही. नको म्हणायला तेव्हा दोनच शब्द पुरले असते. पण हाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून ते निघाले नाहीत.

पुढच्या जत्रेत फीत कापली गेली आणि सातही संचालकांची भाषणं झाली. मग पहिलं गिऱ्हाईक आलं, फेटा बांधलेला एक म्हातारा. त्यानं दांडा धरला आणि श्वास रोखून दोन गावं ओलांडली.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता पुढं मुरूम," श्रीपती म्हणाला.

"पडंल कवा?"

"पडत न्हाय."

"कायबी केलं तरी?"

"कायबी."

म्हाताऱ्यानं दांडा गदागदा हलवून पाहिला. काही झालं नाही. "मग म्या हितं कशापायी हुभा हाय?" म्हणत त्यानं गाडी भर रस्त्यात सोडली आणि तो पाळण्याकडं निघून गेला. त्याच्यामागं रांगही गेली. दुपारनंतर ट्रॉलीपाशी फक्त संचालक उरले, आपापल्या पाहुण्यांना आपापल्या गावाची पाटी दाखवत. तीन दिवसांत सतरा तिकिटं खपली. श्रीपती घंटेकडं बघत बसून राहिला. तीन दिवसांत ती एकदाही वाजली नव्हती.

खेळ का बुडाला, हे ठरवायला सभा बोलावली. निघताना बायकोनं, केशरबाईनं, श्रीपतीच्या हातात टोपी दिली आणि म्हणाली, "अवो, आज तरी तोंड उघडा. सांगा त्यास्नी, पडन्यातच मज्जा हुती म्हून."

"सांगतो," श्रीपती म्हणाला, आणि वाटभर तो तेच वाक्य घोकत गेला.

सभेत दगडोबा म्हणाले, हँडबिलं उशिरा निघाली. महारुद्रांनी कर्ण्याला दोष दिला. मग बंडप्पा उठले. "खरं सांगू? गावं कमी पडली. परंड्याचा मानूस कशाला यील? त्याचं गाव हाय का रस्त्यावर?"

सभेतली माणसं चमकून एकमेकांकडं बघू लागली. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"मग रस्ता वाढवू," आबाराव म्हणाले. "परंडा, कळंब, तुळजापूर, समदी घेऊ. सूचक कोन?"

नेमकं त्याच क्षणी श्रीपतीनं सगळा धीर गोळा केला आणि तो उभा राहिला. "म्या म्हन्तो, आबा..."

"शाब्बास! लिहा, सूचक श्रीपती. अनुमोदन?"

सात हात वर गेले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीपती उभा राहून पडण्याबद्दल, घंटेबद्दल, हसणाऱ्या माणसांबद्दल सगळं बोलला. एक शब्दही गाळला नाही. पण टाळ्या थांबेपर्यंत त्याचं बोलणं संपलं होतं आणि चिटणीसानं सहीसाठी वही पुढं केली होती. सही त्यानंच केली, अक्षरही नीट आलं.

घरी केशरबाई उंबऱ्यातच उभी होती.

"बोललात का?"

"बोललो."

"समदं?"

"समदं."

"मग काय म्हनले?"

"टाळ्या वाजवल्या," श्रीपती म्हणाला.

केशरबाईचा चेहरा असा उजळला की पुढचं सांगायचा त्याला धीर झाला नाही.