मुकादमाचा पिंजरा

फिनेलकाकांनी त्या आठवड्यात अकराव्यांदा पिंजरा धुतला, तरी वास गेला नाही. उलट वाढला.

फिनेलकाका हे नाव त्यांना रुग्णालयानं दिलं होतं. ऑपरेशन थिएटरातली हत्यारं उकळण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, तेव्हा काकांनी त्यांना आधी तो धुवायला लावला होता. पिंजऱ्यातला जर्बिल मात्र काकूंचा. उंदराहून जरा मोठा, शेपटीला झुपका, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून दुसऱ्यांची कामं बघायची सवय, म्हणून काकू त्याला मुकादम म्हणायच्या. काकूंना जाऊन पाच महिने झाले होते. "मुकादमाला तेवढं सांभाळा," एवढंच त्या शेवटी सांगून गेल्या.

आता तेवढंही जमेल असं दिसेना. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी काकांना जिन्यात गाठलं.

"रविवारी वर येऊन बघणार आहे मी. वास आला तर तो उंदीर घराबाहेर."

"उंदीर नाहीये तो."

"मग काय भाचा आहे तुमचा?"

काका घाबरून मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"पिंजरा किती दिवसांनी धुता?"

"सकाळ-संध्याकाळ. फिनेल घालून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो काका, स्वतःचा वास गेला की त्याला वाटतं, आपण भलत्याच घरात आलो. मग तो पोट घासत पुन्हा सगळीकडे वास लावत सुटतो. तुम्ही पुसताय, तो लावतोय! फिनेल बंद करा. आठवड्यातून एकदा धुवा, आणि जुना भुसा मूठभर परत आत ठेवा."

"मूठभर घाण? जाणूनबुजून?"

पस्तीस वर्षांत काकांनी असला सल्ला ऐकला नव्हता. फिनेल त्यांनी सोडलं, पण शनिवारी सगळ्यात मोठं पातेलं काढून पिंजऱ्याचा प्लास्टिकचा तळ घड्याळ लावून वीस मिनिटं उकळला. सपाट आत गेलेला तळ नागमोडी होऊन बाहेर आला. कडेला पडलेली फट काकांनी जखमेला लावायच्या चिकटपट्टीनं बंद केली, तीही निर्जंतुक. रविवारी सकाळी पट्टी कुरतडलेली होती आणि पिंजरा रिकामा होता.

काकांनी पलंगाखाली बघितलं, चपला झटकल्या, पातेल्यांची झाकणं उघडली. "मुकादम, अरे ये ना बाबा," असं ते प्रत्येक कोपऱ्याला विनवत होते. शेवटी कपाटातून कुरकुर ऐकू आली.

त्या कपाटाकडे ते सहसा फिरकत नसत. काकू गेल्या तेव्हा रडायच्या ऐवजी त्यांनी धुणं काढलं होतं. चादरी, उशा, पडदे, काकूंचा एकूण एक कपडा, सगळं तीन दिवसांत. मग एका संध्याकाळी त्यांनी काकूंच्या कपड्यांत तोंड खुपसलं, तर नुसता फिनेलचा वास. त्या दिवशी मात्र ते पोटभर रडले.

खालच्या खणामागे काकूंचा एक स्वेटर पडून राहिला होता. त्याची बाही कुरतडून मुकादमानं लोकरीचं गोल घरटं केलं होतं आणि आता तो त्यात गाढ झोपला होता. काकांनी संतापानं स्वेटर उचलला, आणि तिथेच खाली बसले. त्याला काकूंच्या केसांच्या तेलाचा वास होता, आणि थोडासा खोकल्याच्या मलमाचा.

तेवढ्यात बेल वाजली. काकांनी घरटं मुकादमासकट पिंजऱ्यात ठेवलं, फटीपुढे पातेलं लावलं आणि दार उघडलं. घरमालकीणबाईंचं नाक आधी आत आलं, मग त्या आल्या. पिंजऱ्याजवळ वाकून त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ते... ते धुवायचं राहिलंय," काका चाचरले.

"तुमच्या हिचं तेल आहे हे," बाई हळूच म्हणाल्या. "जिन्यातून ती वर गेली की मागे दरवळायचं." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "उंदराचा वास येत नाहीये आज. तरी पुढच्या रविवारी मी तपासायला येणार म्हणजे येणार."

"या ना."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि तोवर हे धुतलंत ना, तर दुसरं घर बघायचं!"